माझ्या सात पिशव्या, अप्पांच्या चार

तुमच्या अंगातून पिशवीभर रक्त काढलं, ते कुणालाही न देता जाळून टाकलं, आणि असं सात वेळा झालं, तर तुम्ही सगळ्यांत आधी जाब कुणाला विचाराल?

मी तेव्हा कुणालाच विचारला नाही. उलट आभार मानले. पाचव्या पिशवीनंतर तर मी डॉक्टरांना माझं छापील पत्रक भेट दिलं, खाली सही करून. ते पत्रक खोटं होतं. खोटं बोलायचं म्हणून लिहिलेलं नव्हतं, पण खोटं होतं. हे मी आता लिहितेय, कारण त्या पत्रकापायी माझ्या वडिलांचा डावा हात भाजला.

मी विशाखा. हुबळीत दुर्गदबैलाच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात संगणकावर जुळणी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वाढदिवसाचे फलक, अर्धं काम कानडीत, अर्धं मराठीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, तारिहाळच्या लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरायचे. आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला आणि त्यानंतर ते वाचायला शिकले. शिकले ते पत्रकांवर. पुढे अप्पाही त्यांवरच शिकले आणि मीही. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. खाटेखाली दोरीनं बांधलेले पत्रकांचे गठ्ठे होते. मी पहिला शब्द वाचला तो 'बंधुभगिनींनो'. आमच्यात कुणी जेवणावर रुसलं तरी निषेध नोंदवतं.

निदानाचा दिवस

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ताप येऊन गेला होता, थकवा जाईना. शहरातल्या एका खासगी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्यांची लांब यादी दिली. दोन दिवसांनी कागद घेऊन मी त्यांच्यासमोर बसले.

"दारू?" त्यांनी कागदावरून मान न उचलता विचारलं.

"नाही."

"घरात?"

"घरात कुणी पीत नाही."

"वस्ती कुठली तुमची?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. ते "हं" म्हणाले. तो "हं" आमच्या ओळखीचा आहे. शाळेत, बँकेत, घर भाड्यानं बघायला गेल्यावर, सगळीकडे ऐकलेला.

मग त्यांनी सांगितलं, की फेरिटिन नावाचं एक प्रथिन असतं. अंगात लोखंड साठवायचे डबे म्हणा. माझ्या रक्तात त्या डब्यांचा आकडा चार अंकी आला होता. म्हणजे लोखंड साचलंय. पुढे ते यकृतात जाईल, हृदयात जाईल. गोळीनं भागणार नाही. दर तीन आठवड्यांनी पिशवीभर रक्त काढायचं, रक्ताबरोबर लोखंड जातं.

"एवढं लोखंड आलं कुठून?" मी विचारलं.

"वडील काय करतात?"

"फाउंड्रीत असतात."

"असेल मग. बघू."

ते "बघू" म्हणाले आणि मला मात्र सगळं दिसलं. लहानपणापासून अप्पांचे कपडे मी धुतेय. बादलीचं पाणी काळं व्हायचं, तळाशी बारीक चुरा बसायचा. शाळेत लोहचुंबक दिला होता, तो मी त्या बादलीत फिरवायची आणि त्याला काळी दाढी फुटायची.

भीती वाटली का? वाटली.  पण भीतीच्या वर आणखी काहीतरी होतं, ते लिहायला लाज वाटते. मला आनंद झाला होता. आयुष्यभर आम्ही म्हणत आलो, की कारखाना कामगाराच्या अंगात शिरतो. आता ते इस्पितळाच्या कागदावर, शिक्क्यासह होतं.

पिवळी पिशवी

रक्त काढायची खोली जिन्याखाली होती. तिथे रेणुकक्का ही नर्स असायची. नवलगुंदकडची, चाळिशीची, बोलायला खरखरीत, हात मात्र मऊ. शीर सापडेपर्यंत ती कधीच सुई उचलायची नाही.

"मूठ उघड, मिट. हळू कर की, पैलवान हैस का?"

पहिल्या दिवशी पिशवी भरताना मी विचारलं, "अक्का, हे कुणाला जाणार?"

"कुणाला न्हाई. आजाराचं रक्त हे. पिवळ्या पिशवीत जातं, तिथनं जाळायला."

मी छताकडे बघत राहिले. अठरा पूर्ण झाल्यापासून दर जयंतीला मी शिबिरात रक्त दिलंय. बायकांच्या रांगेत पहिला नंबर माझा असायचा. अप्पा त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "ज्यांना आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना आता आपलं रक्त चालतंय." आमच्या घरात रक्त ही साधी गोष्ट नाही. आमचं रक्त दुसऱ्याच्या कामी येतं, हे आम्हाला कुणीतरी लिहून दिल्यासारखं वाटायचं.

आणि आता तेच रक्त पिवळ्या पिशवीत. मी स्वतःची समजूत घातली, की हे वाया जात नाही. प्रत्येक पिशवी हा पुरावा आहे. मी रेणुकक्काला विचारलंही, की काढलेल्या रक्तातलं लोखंड वजन करून मिळेल का. ती हसली नाही. म्हणाली, "कुंदर, बस खाली, आधी चहा पी."

एक हजार प्रती

तिसऱ्या पिशवीनंतर मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'लोखंड त्यांचं, रक्त आमचं'. एका बाजूला मराठी, पाठीवर कानडी. छापखान्यात पिवळा कागद उरला होता, त्यावर एक हजार प्रती काढल्या. पहिल्या परिच्छेदात माझा आकडा. दुसऱ्यात अप्पांचे डोळे.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू बत्तिसाव्या वर्षी काढले होते. भट्टीनं डोळे खाल्ले, असं आमच्या घरात म्हणतात. मी ते तसंच छापलं. शेवटी मागण्या: भट्टीपुढे जाड काच, धूळ ओढणारे पंखे, सगळ्या कामगारांची रक्ततपासणी.

पाळी बदलायच्या वेळी तारिहाळच्या फाटकाबाहेर उभी राहून मी ती वाटली. काहींनी वाचली. एकानं तिथल्या तिथं मिरची भजी बांधून घेतली. मी त्याच्याकडे बघितलं, तर म्हणाला, "वाचलं ताई, वाचूनच बांधलं."

एकच गोष्ट कमी होती. पत्रकात लिहिलं होतं, की कामगारांच्या रक्तात लोखंड आहे. तपासलं होतं ते फक्त माझं, आणि मी कामगार नव्हते.

"अप्पा, तुम्हीपण तपासून घ्या."

"मला काय झालंय? जेवतोय, कामाला जातोय."

"तुमचा आकडा आला तर पत्रकाला वजन येईल."

हे माझं वाक्य आहे. शब्दन् शब्द. अप्पांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि बाही वर केली. त्यांचाही आकडा चार अंकी आला. मी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला, परीक्षेच्या निकालासारखा. अप्पांच्याही पिशव्या सुरू झाल्या.

हट्टी आकडा

आईनं लोखंडी तवा भंगारवाल्याला देऊन टाकला. पालेभाजी बंद झाली. आई चिडून म्हणायची, "घरात दोन माणसं नांदतायत का दोन भट्ट्या?" पण जे सांगितलं ते सगळं ती पाळत होती.

आकडा हलला नाही. चार पिशव्या, पाच पिशव्या, आकडा तिथेच. डॉक्टर म्हणाले, "हट्टी केस आहे. चालू ठेवा." मला जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. छापखान्यात एका पत्रिकेत मी नवऱ्याचं नाव नवरीच्या जागी टाकलं. मालक अण्णांनी प्रूफ माझ्यापुढे धरलं. "विशाखा, नवरीला मिशा लावल्यास की गं." मीही हसले. हसताना दम लागला.

सहाव्या वेळी रेणुकक्कानं माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली.

"पांढरी फटक पडलीय. हिमोग्लोबिन बी दर टायमाला उतरतंय. लोखंड जास्ती झाल्यालं माणूस असं पांढरं पडत न्हाई, विशाखा. डॉक्टरांस्नी विचार."

"तुम्ही विचारा की."

"मी विचारलं. 'तू सुई टोच' म्हणाले. तू विचार, तुला बोलता येतंय."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अक्का, तुम्हाला फाउंड्रीवाल्यांची बाजू घ्यायची आहे का?"

तिनं कापूस दाबून धरला, पट्टी लावली. या वाक्याची मी नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "कधी बोललीस? माझ्या ध्यानात न्हाई." होतं तिच्या ध्यानात.

लोक म्हणतात आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मला सांगितलं होतं. जिन्याखालच्या खोलीत, चहा देता देता, स्पष्ट शब्दांत. ज्या बाईचं म्हणणं इस्पितळात कुणी ऐकत नव्हतं, तिचं मीही ऐकलं नाही. पत्रकात मात्र 'कष्टकऱ्यांचा आवाज' हे शब्द मी तीनदा वापरले होते.

अप्पांचा हात

चौथ्या पिशवीनंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, अप्पांना साच्यांच्या रांगेत चक्कर आली. ते पडले ते नुकत्याच उघडलेल्या, अजून तापलेल्या ओतीव तुकड्यावर. डावा हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजला.

सरकारी इस्पितळातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात सगळं ठरलेलं असतं. सकाळी सातला पट्टी सुटते. त्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात, पण आवाज बाहेर येतो. दहाला डॉक्टर येतात, अकराला ताट, आणि दुपारभर पंखा. अप्पा ओरडायचे नाहीत. आत शेजारचा माणूस ओरडायचा आणि आम्हाला वाटायचं अप्पाच.

तिसऱ्या दिवशी आई माझ्याशी बोलली. व्हरांड्यात, डबा धुता धुता.

"आलं का गं तुझ्या कागदाला वजन?"

बस, एवढंच. मी पातेलं पुसत राहिले. त्यानंतर आमचं पाच-सहा दिवस बोलणं नव्हतं. आजारपणात घर एकत्र येतं म्हणतात. आमचं नाही आलं. आम्ही आळीपाळीनं डबा नेत होतो, एवढंच.

बसप्पाचं स्टूल

त्याच सुमाराला माझी नजर धुरकटली. भांड्यांच्या दुकानांवरून जाताना स्टीलची चमक डोळ्यांत फुटायची, प्रूफातली अक्षरं एकमेकांत शिरायची. मी म्हटलं, भट्टीचा अंश माझ्याही डोळ्यांत उतरला. इतकी मी माझ्या पत्रकात बुडाले होते. मी तर भट्टी जवळून पाहिलेलीही नव्हती.

डोळ्यांच्या दवाखान्यात दाराशी स्टुलावर बसप्पा नावाचे शिपाई बसायचे. कुणी पुढे घुसलं की हात आडवा. "कुंदर्री, कुंदर्री, बसा. नंबर येतंय की." आत डॉक्टरबाई, पन्नाशीच्या, कानडी-मराठी एकत्र बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं.

"भाकरीचा चुरा सांडल्यासारखं आहे आत. वय?"

"सव्वीस."

"घरात आणखी कुणाला लवकर झालं?"

"अप्पांना. पण ते भट्टीमुळे."

"आणखी?"

"आजीला. चुलीच्या धुरानं."

"आणखी?"

"एक आत्या होती. तिचं ऑपरेशन झालंच नाही."

बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आणि एकेक काळा करत गेल्या. "कारणं तीन सांगितलीत," त्या म्हणाल्या, "पण डाग तर वरून खाली सरळ उतरतोय. फेरिटिन तपासलंय कधी?"

मी चमकले. डोळ्यांच्या डॉक्टरला फेरिटिनचं काय? मग सगळं सांगितलं, आकडा, इलाज. अजूनही आवाजात थोडा ताठा असावा. "माझ्या सात पिशव्या काढल्या, अप्पांच्या चार."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "साकु माड्री," त्या हळू म्हणाल्या. "पुरे करा आता. एक थेंब काढू देऊ नका, मी तपासून घेईपर्यंत."

मग त्यांनी समजावलं. मी ते माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या पेशीत प्रत्येक प्रथिन बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते. मूळ प्रत आत राहते. कामापुरती नक्कल बाहेर येते, तिला आरएनए म्हणतात. नक्कल वाचून प्रथिन बनतं. पण नक्कल आली की लगेच वाचायची असं नसतं. फेरिटिनच्या नकलेच्या अगदी सुरुवातीला, मजकुराच्या आधी, एक छोटी वळलेली गाठ असते. त्या गाठीतून कुठलंच प्रथिन बनत नाही. ती फक्त जागा आहे, बसायची. अंगात लोखंड कमी असलं की एक राखणदार प्रथिन येऊन त्या गाठीवर बसतं. ते बसलं की नक्कल वाचता येत नाही, डबे बनत नाहीत. लोखंड आलं की ते उठतं, आणि डबे बनायला लागतात.

बाईंनी दाराकडे बोट केलं. "बसप्पा स्टुलावर बसलाय म्हणून तुम्ही माझ्याशी शांतपणे बोलताय. त्या स्टुलाचा एक पाय मोडला तर? बसप्पा तोच, शहाणा, कामाला आलेला. पण बसणार कुठे? सगळी रांग आत."

आमच्या घरात त्या गाठीतलं एक अक्षर बदललेलं असावं, असा त्यांचा अंदाज होता. राखणदार ठीक, डबे ठीक, लोखंडही ठीक. बसायची जागाच मोडलेली. म्हणून डबे दिवसरात्र बनत राहतात, गरज असो नसो. ते रिकामे असतात. अंगाला त्यांचा फारसा त्रास नाही. फक्त डोळ्याच्या भिंगात त्यांचे खडे साचतात.

"आणि रक्त काढलं तरी आकडा का उतरला नाही?" मी विचारलं.

"उतरेल कसा? रक्त काढलं, लोखंड कमी झालं, राखणदार धावत आला. जागा कुठाय? त्यांनी डबे मोजले. झाकण उघडून एकानंही बघितलं नाही."

झाकण उघडून बघायची तपासणी साधी असते. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन म्हणतात, म्हणजे रक्तातून लोखंड वाहणाऱ्या गाड्या किती भरल्यात ते. माझ्या गाड्या रिकाम्या निघाल्या. हिमोग्लोबिन सातावर. अप्पांचंही जवळजवळ तेच. लोखंड जास्त झालं म्हणून ज्या दोघांना उपाशी ठेवलं, त्यांना आता लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आईनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "माझा तवा गेला फुकट." आणि आम्ही तिघं हसलो. त्या सबंध वर्षात मला मिळालेली दया म्हणजे ते एक वाक्य.

मोठ्या डॉक्टरांकडे मी जाब विचारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "आकडा होता, त्यावर उपचार केला. आणि फाउंड्रीचं तुम्हीच सांगितलंत." तुम्हीच सांगितलंत.  त्यांनी तपासणी केली नाही हा त्यांचा गुन्हा. त्यांना कारण आयतं हातात दिलं, हा माझा.

रक्तातला दोष

नमुने बंगळूरला पाठवले होते. अडीच महिन्यांनी कागद आला. अंदाज बरोबर होता, एकच अक्षर. मी रोज हजारो अक्षरं जुळवते आणि एक चुकलं तर अण्णांचं बोलणं खाते. हे अक्षर कुणी जुळवलं नव्हतं आणि कुणाला दुरुस्त करता येणार नव्हतं.

अप्पा भाजल्याच्या भरपाईसाठी फाउंड्रीत गेले, मी सोबत होते. मॅनेजरनं दवाखान्याचे सगळे कागद मागून घेतले, वाचले, आणि खुर्चीत मागे रेलला.

"काय मेस्त्री, पत्रकात छापलं काय आणि निघालं काय. दोष तुमच्या रक्तातच हाय की."

हे वाक्य कुठून कुठे पोचतं, हे त्याला माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तो याच वाक्याला उत्तर म्हणून. आमच्या रक्तात जन्मानं काही हीन नाही, हे म्हणण्यासाठी तीन पिढ्या आम्ही कागद छापले. आणि आता इस्पितळाचाच कागद वाचून एक माणूस तेच वाक्य हसत हसत म्हणत होता. मला उठून त्याचं टेबल उलटावंसं वाटलं. 

अप्पा बोलले. "साहेब, दोष एका अक्षरात हाय. ते माझ्या पोरीला दुरुस्त करता येत न्हाई, तुम्हालाबी न्हाई. भट्टीपुढं काच न्हाई, ती मात्र तुम्हाला लावता येतीय."

नंतर मी डॉक्टरबाईंना विचारलं.  "हे आमच्यासारख्यांच्यातच असतं का?"

"परदेशातली गोरी घराणी आहेत याची," त्या म्हणाल्या. "ही चूक कुठंही होते. कुणाच्या घरी जायचं ते विचारून जात नाही."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा मला त्याची जास्त गरज होती.

आत्या

त्या चौकोन-गोलांच्या कागदावर एक काळा गोल गौतमी आत्याचा होता, अप्पांच्या थोरल्या बहिणीचा. तिला बेळगावात दिली होती. तीन वर्षांत परत पाठवली. कारण सांगितलं होतं, की ही कामचुकार आहे, भातात खडे ठेवते. ती मरेपर्यंत आमच्याकडेच राहिली. मला आठवतं, सुई ओवायला ती मला हाक मारायची आणि म्हणायची, "माझे हात ओले हैत." हात कोरडे असायचे.

तो कागद अप्पांनी उजव्या हातात धरून बघितला.

"ती दोन वर्सं तिथं मार खात हुती," ते म्हणाले. "मी दोनदा समजवायला गेलो. तिला. सासरच्यांस्नी न्हाई, तिला. म्हटलं, अक्का, जरा लक्ष दिऊन निवडत जा."

 

पुन्हा एक हजार

मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं तेव्हा युनियनच्या लोकांनी समजावलं. छापू नकोस, मालकाला आयतं हत्यार मिळेल. काचेची मागणी मागे पडेल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दोन आठवडे थांबले. खरं सांगायचं तर मलाही थांबायचंच होतं.

अप्पा एवढंच म्हणाले, "चुकीच्या हजार काढल्यास ना? मग दुरुस्तीच्याबी हजार."

त्याच पिवळ्या कागदावर, दोन्ही भाषांत काढल्या. आमच्या आकड्याचं कारण फाउंड्री नाही. अप्पांच्या डोळ्यांचंही नाही. हे मी चुकीचं लिहिलं होतं. भट्टीपुढे काच हवीच, कारण भट्टीची आच डोळ्यांना खरोखर वाईट आहे, आणि त्यासाठी माझ्या खोट्या पुराव्याची गरज कधीच नव्हती.

फाटकाबाहेर पत्रकात भजी बांधून घेणारा तोच कामगार भेटला. त्यानं पूर्ण वाचलं. "ताई, पहिलं बरं हुतं," तो म्हणाला. "ते वाचून राग येत हुता. हे दोनदा वाचावं लागतंय."

काच अजून लागलेली नाही. अप्पांची डावी मूठ पूर्ण मिटत नाही, ते आता फाटकावर पहारा करतात. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी काढली तेव्हा मी पहिल्यांदा रेणुकक्काच्या साडीचा रंग नीट पाहिला. ती आपली पाळी संपवून दुसऱ्या इस्पितळातून खास आली होती. कामावर नेसायची तीच साडी, आणि ती हिरवी होती. मी इतके महिने करडी समजत होते.

जयंतीला मी अजून रक्त देऊ शकत नाही, हिमोग्लोबिन काठावर आहे. गेल्या वर्षी मी रांगेतल्यांची नावं लिहून घ्यायला बसले.

तुम्हाला मागणं

ज्यांच्या अंगात खरंच लोखंड साचतं, त्यांचं रक्त काढावंच लागतं. तो इलाज खरा आहे, आणि माझं वाचून कुणी तो आपल्या मनानं बंद करू नये. पण तुमच्या घरात कुणाला फक्त फेरिटिनच्या आकड्यावरून रक्त काढायला सांगितलं असेल, तर पुढच्या पिशवीआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन किती आहे? आणि घरात तरुणपणी कुणाला मोतीबिंदू झाला होता, हे तुम्हाला सांगू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ असायला हवं. ते दवाखान्यात मिळत नाही. म्हणून आज एक कोरा कागद घ्या, चौकोन आणि गोल काढा, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. मोतीबिंदू कुणाला होता असं विचारू नका, तिला तो शब्द त्या काळी कुणी सांगितलेला नसेल. भातात खडे कुणाच्या राहायचे, ते विचारा. आणि जिच्या राहायचे, तिचं नाव लिहून घ्या.